फलश्रुतीविना वाचन : हान कांग यांचे स्टॉकहोम-व्याख्यान आणि दडपलेल्या इतिहासाचे कथन

७ डिसेंबर २०२४ रोजी स्टॉकहोम येथे हान कांग यांनी आपले नोबेल व्याख्यान कोरियन भाषेत वाचले. त्याच तारखेला सोल येथील राष्ट्रीय सभेत राष्ट्राध्यक्ष यून सुक-यॉल यांच्यावरील महाभियोगाचा पहिला ठराव गणसंख्येअभावी बारगळला होता. चारच दिवसांपूर्वी, ३ डिसेंबरच्या रात्री, यून यांनी देशात लष्करी कायदा जारी केला होता आणि सभेच्या सदस्यांनी काही तासांतच तो मागे घ्यायला भाग पाडले होते. १९८० च्या लष्करी राजवटीने केलेल्या हत्याकांडावर कादंबरी लिहिणारी लेखिका परदेशी सभागृहात त्या कादंबरीविषयी बोलत असताना तिच्या देशात त्याच शब्दाची, 'लष्करी कायदा' या शब्दाची, पुन्हा चर्चा चालू होती. हा योगायोग वृत्तपत्रांना आकर्षक वाटला यात नवल नाही. तुलनाकाराला मात्र वेगळा प्रश्न पडतो. दडपलेला राजकीय इतिहास लेखकाच्या स्वतःच्या आवाजात जाहीरपणे वाचला जातो तेव्हा नेमके काय घडते? जे माहीत नव्हते ते कळते, की जे माहीत असूनही उच्चारता येत नव्हते त्याला उच्चाराची जागा मिळते? आणि ही जागा मिळाल्यावर त्या उच्चाराचे पुढे काय होते?

लेखकाने केलेल्या जाहीर वाचनाकडे मराठी समीक्षेने साहित्यप्रकार म्हणून फारसे पाहिलेले नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने एका पिढीला कथा कानाने ऐकायची सवय लावली. परंतु त्या प्रयोगांची चर्चा रंजकता, लकबी आणि श्रोत्यांचा हशा यांपलीकडे क्वचितच गेली. त्याआधीची आणि त्याहून खोल रुजलेली परंपरा पोथीवाचनाची. पोथी वाचणारा तिचा कर्ता नसतो, ऐकणाऱ्याला कथा आधीच ठाऊक असते, आणि शेवटी फलश्रुती येते : हे श्रवण केल्याने काय लाभेल याचे आश्वासन. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर हान कांग यांच्या वाचनाचे वेगळेपण अधिक नेमकेपणे सांगता येते. तेथे वाचणारी व्यक्ती कर्ती आहे, पण घटनेची साक्षीदार नाही. कथा ठाऊक असलेले श्रोते हजारो मैलांवर मध्यरात्री जागे आहेत, आणि समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना वाचनाची भाषाच येत नाही. आणि फलश्रुती हेतुपुरस्सर रोखून धरलेली आहे.

'दडलेला इतिहास' हा शब्दप्रयोग मुळातच दिशाभूल करणारा आहे. कोरियातील ज्या दोन घटनांवर हान कांग यांनी लिहिले, त्या दोन्ही ज्यांच्यावर गुदरल्या त्यांना पुरेपूर ठाऊक होत्या. जेजू बेटावर १९४७ ते १९५४ या काळात, आणि विशेषतः ३ एप्रिल १९४८ च्या उठावानंतर, सरकारी फौजा, पोलीस आणि उत्तरेकडून पळून आलेल्या साम्यवादविरोधी तरुणांची 'वायव्य युवक संघ' ही संघटना यांनी गावेच्या गावे जाळली. २००३ च्या सरकारी अहवालातील अंदाज पंचवीस ते तीस हजार मृतांचा, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येच्या सुमारे दहाव्या हिश्शाचा आहे. एवढे मृत्यू लपत नाहीत. लपवला जातो तो त्यांचा उल्लेख. मृताचा नातेवाईक असणे म्हणजे 'लाल' ठरणे, आणि लाल ठरणे म्हणजे नोकरी, परवाना, मुलांचे भवितव्य यांना मुकणे, अशी व्यवस्था असली की माणसे स्वतःच आपल्या घरातील इतिहासाचे पहारेकरी होतात. म्हणून येथे 'दडलेला' म्हणण्यापेक्षा 'दडपलेला' म्हणणे अधिक योग्य, आणि 'उघडकीस आणणे' हे क्रियापद तर शक्यतो टाळावेच.

हे सर्वप्रथम कथेच्या रूपात सिद्ध केले ते ह्यॉन गी-यॉंग यांनी. जेजूतच १९४१ मध्ये जन्मलेल्या या लेखकाची 'सूनी सामचॉन' ही दीर्घकथा १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, छळ झाला आणि पुस्तकावर बंदी आली. सोल येथे नोकरी करणारा निवेदक आजोबांच्या 'जेसा'साठी, म्हणजे तिथीला होणाऱ्या श्राद्धासाठी, आठ वर्षांनी गावी येतो. त्या रात्री गावातील कितीतरी घरांत दिवे तेवत असतात, कारण कितीतरी घरांत एकच तिथी असते. कथेमागील वास्तव घटना जानेवारी १९४९ मधील बुकचॉन गावच्या हत्याकांडाची. तेथे तीनशेहून अधिक गावकरी मारले गेले. ज्या घटनेचा उच्चार राज्याने गुन्हा ठरवला, तिची नोंद पंचांगाने ठेवली. श्राद्धाची तिथी कोणत्याही सेन्सॉरला काढून टाकता येत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

'सामचॉन' हा शब्द प्रमाण कोरियनमध्ये काका या अर्थी येतो. जेजूत मात्र तो नात्यातील वा शेजारच्या कोणाही वडीलधाऱ्या व्यक्तीसाठी, स्त्री असो वा पुरुष, वापरतात. सूनी सामचॉन ही स्त्री आहे. कथेचे शीर्षकच असे की बेटाबाहेरच्या वाचकाला पहिल्या क्षणी तिचा लिंगबोधही होऊ नये. ती गोळीबारातून वाचलेली, दोन मुले गमावलेली बाई. त्याच खोलगट शेतात ती तीस वर्षे पीक काढते. नांगराला हाडे आणि गोळ्या लागत राहतात. अखेर तिथेच विष घेऊन ती मरते. निवेदकाच्या दृष्टीने हा मृत्यू तीस वर्षांपूर्वीच झाला होता, फक्त तो पोहोचायला एवढा काळ लागला.

परंतु या कथेतील सर्वांत भेदक क्षण शेतातला नाही, श्राद्धाच्या खोलीतला आहे. निवेदकाच्या आत्याचा नवरा मूळचा उत्तरेचा. वायव्य युवक संघाबरोबर तो बेटावर आला, आणि पुढे तेथेच लग्न करून राहिला. तीस वर्षे तो जेजूच्या बोलीत बोलत आला आहे. त्या रात्री वाद वाढतो, आपल्या माणसांची बाजू मांडताना तो एकाएकी उत्तरेच्या बोलीत शिरतो, आणि खोलीत शांतता पसरते. कोणाही पात्राने काही कबूल केलेले नाही. कोणताही दस्तऐवज सापडलेला नाही. केवळ उच्चार बदलला आणि मारणारा व मरणाऱ्यांचे आप्त एकाच ताटावर बसलेले आहेत हे ऐकू आले. दडपलेला इतिहास बोलीच्या हेलात जिवंत असतो, हे या एका प्रसंगातून जितके कळते तितके कोणत्याही सिद्धान्तनातून कळणार नाही. इंग्रजी भाषांतरातून ही कथा वाचणाऱ्या भारतीय वाचकाला मात्र हा हेल ऐकू येत नाही. त्याला तो बदलला असे सांगितले जाते, एवढेच. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासवर्गात भाषांतराच्या मर्यादा शिकवायच्या असतील तर याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

हान कांग या परंपरेत येतात त्या एका पिढीच्या अंतराने, आणि हे अंतर त्यांच्या लेखनाचा विषयच आहे. त्यांचा जन्म १९७० चा, ग्वांगजू शहरातला. १९८० च्या जानेवारीत कुटुंब सोल येथे स्थलांतरित झाले. त्याच वर्षी १८ ते २७ मे या काळात चुन दू-ह्वान यांच्या लष्करी सत्तेने ग्वांगजूतील नागरी उठाव चिरडला. २७ मेच्या पहाटे प्रांतिक कार्यालयात उरलेल्या तरुणांना मारून किंवा पकडून शहर परत घेतले. घर चार महिन्यांनी सुटले म्हणून कुटुंब वाचले. बाराव्या वर्षी घरातील पुस्तकांत दडवलेला एक छायाचित्रसंग्रह हाती लागला; पीडितांच्या आप्तांनी तो गुप्तपणे छापून वाटला होता. विद्रूप केलेले चेहरे, आणि जखमींना रक्त देण्यासाठी रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा. माणूस हे करतो आणि हेही करतो, या दोन चित्रांना एकत्र कसे धरावे हा पेच व्याख्यानात त्यांनी आपल्या लेखनाच्या मुळाशी ठेवला आहे. म्हणजे त्यांची साक्ष मुळातच एका वाचकाची साक्ष आहे.

२०१४ साली आलेली 'सोन्यॉनी ओन्दा' ही कादंबरी इंग्रजीत डेबोरा स्मिथ यांच्या भाषांतरातून 'ह्यूमन ॲक्ट्स' या नावाने जगभर गेली. मूळ शीर्षकाचा सरळ अर्थ 'पोरगा येतो' असा आहे. हे शीर्षक बदलल्याने काय गमावले याची जाणीव व्याख्यान ऐकताना होते, कारण हान कांग तेथे नेमक्या त्या क्रियापदावर थांबतात : ते वर्तमानकाळी आहे, आणि कोणी 'तू' म्हणून हाक मारली की तो मुलगा अंधुक उजेडात जागा होऊन वर्तमानाच्या दिशेने चालू लागतो, असे त्या सुचवतात. मराठीत या शीर्षकाला एक विलक्षण छटा आपोआप मिळते. मराठी माणूस निरोप घेताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. घरातून निघालेला पोरगा आईला 'येतो' असेच सांगून निघाला असेल. २०२१ च्या जेजूवरील कादंबरीचे मूळ शीर्षक निरोप न घेण्याविषयीचे आहे आणि कोरियन व्याकरणाच्या सोयीने त्यात कर्ताच नाही. इंग्रजीला 'वी' घालावा लागला. 'निरोप घेत नाही' या मराठी वाक्यात मी, आम्ही, तो, ती असे सर्वजण मावतात. इंग्रजीच्या दाराने आलेली ही पुस्तके मराठीत न्यायची तर इंग्रजी पाठ ओलांडून मुळाकडे का जावे लागेल, त्याचे कारण शीर्षकांपाशीच दिसते.

कादंबरीची रचना सर्वश्रुत आहे : सहा प्रकरणे आणि लेखिकेचा उपसंहार, १९८० पासून २०१३ पर्यंतचा काळ, दर प्रकरणाला वेगळे केंद्र. पहिल्या प्रकरणात शाळकरी डॉंग-हो व्यायामशाळेत ठेवलेल्या प्रेतांची वहीत नोंद करतो : लिंग, अंदाजे वय, कपडे, बूट, क्रमांक. ज्यांना सैन्याने मारले त्यांची प्रेते राष्ट्रध्वजात का गुंडाळायची आणि त्यांच्यासमोर राष्ट्रगीत का म्हणायचे, हा त्याला पडलेला प्रश्न पोरवयाचा आहे आणि म्हणूनच अनुत्तरित राहतो. हे सर्व द्वितीय पुरुषात सांगितलेले आहे. 'तू' म्हणणारा कोण, हे प्रकरणात कळत नाही. येथेही मराठीला एक निवड करावीच लागणार नाही, कारण मूल, आई, देव आणि मृत या चौघांनाही ती 'तू'च म्हणते. प्रेतापाशी बसलेली बाई ज्या 'तू'ने आक्रोश करते, त्याच्याशी या निवेदनाचे नाते इंग्रजीतल्या सपाट 'यू'पेक्षा निश्चितच जवळचे आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत ती तिसरे आणि पाचवे ही प्रकरणे. समीक्षकांचे लक्ष सहसा पहिल्या दोहोंवर खिळते, हे खेदाने नमूद करावे लागते. तिसऱ्या प्रकरणात १९८५ साली प्रकाशनसंस्थेत काम करणारी उन-सुक एका भाषांतरकाराचा ठावठिकाणा सांगत नाही म्हणून पोलिसांकडून सात थपडा खाते. सेन्सॉर कार्यालयातून नाट्यसंहिता परत येते तेव्हा तिची पाने शाईच्या रुळाने काळी करून फुगलेली असतात. छापता येत नाही असे हे नाटक पुढे रंगमंचावर येते. नट बोलत नाहीत. ते केवळ ओठ हलवतात. काळ्या झालेल्या ओळी उन-सुकला पाठ असल्याने प्रेक्षागृहात बसून ती ते ओठ वाचू शकते.

जाहीर वाचनाची याहून कठोर व्याख्या शोधूनही सापडणार नाही. पोथीच्या श्रोत्याप्रमाणे येथील श्रोत्यालाही मजकूर आधीच माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच आवाज नसतानाही प्रयोग पूर्ण होतो. ज्याला मजकूर माहीत नाही त्याच्यापुरता तो मुकाभिनय आहे. एकाच सभागृहात दोन प्रकारचे प्रेक्षक आहेत आणि त्यांच्यातील भिंत ज्ञानाची नाही, वेदनेतील सहभागाची आहे. स्टॉकहोमच्या सभागृहात कोरियन न कळणारे श्रोते लेखिकेचे हलणारे ओठ पाहत आणि भाषांतरातून अर्थ लावत होते, तेव्हा कादंबरीतील हा प्रसंग उलट्या बाजूने घडत होता असे म्हणता येईल : तेथे आवाज नव्हता आणि अर्थ होता, येथे आवाज होता आणि अर्थ कागदावर वेगळा पोहोचत होता. ही तुलना फार ताणू नये हे खरे. नोबेलच्या सभागृहात कोणाला थप्पड बसत नाही.

पाचव्या प्रकरणात २००२ साल आहे. कामगार चळवळीतून आलेल्या आणि अटकेत अमानुष लैंगिक छळ सोसलेल्या सॉन-जूला एक संशोधक साक्ष नोंदवण्याची विनंती करतो. ध्वनिमुद्रणाचे साहित्य तिच्या हाती आहे. रात्रभर ती स्वतःशी बोलते, यंत्राशी बोलत नाही. संशोधकाचा हेतू शुद्ध आहे, अशी साक्ष समाजाला आवश्यक आहे, हे सर्व तिला मान्य आहे आणि तरीही शब्द येत नाहीत. साक्षीसाहित्याविषयीच्या आजच्या उदंड चर्चेत साक्ष देणे हे मुक्तीचे पाऊल मानले जाते. हान कांग त्या गृहीतकापुढे हे प्रकरण उभे करतात. दडपण राज्याचेच असते असे नाही. बोललेच पाहिजे हा सदिच्छेचा आग्रहही कधी दडपण होतो. विद्यापीठीय संशोधकांनी तरी हे प्रकरण दोनदा वाचावे.

या संदर्भात महाश्वेतादेवींच्या 'हाजार चुराशीर मा' (१९७४) या कादंबरीची आठवण अपरिहार्य आहे. तेथेही प्रेताला क्रमांक आहे, तेथेही आई आहे, तेथेही राज्याने मारलेल्या तरुणाचा मृत्यू उच्चारण्याजोगा नाही. पण दडपणाची यंत्रणा निराळी आहे. ब्रतीचे नाव वर्तमानपत्रांत येऊ नये यासाठी धावपळ करतो तो त्याचा प्रतिष्ठित बाप. नक्षलवादी मुलाची लाज वाटणारे मध्यमवर्गीय घरच सेन्सॉरचे काम करते. सुजाताला त्या एका दिवसात आपल्या मुलाची ओळख दुसऱ्या एका मृताच्या गरीब आईकडून आणि मुलाच्या मैत्रिणीकडून करून घ्यावी लागते. ती खरोखरच काही नव्याने जाणते. डॉंग-होच्या आईला नव्याने काही जाणायचे नाही. तिला सर्व ठाऊक आहे. तिचे स्वगत त्या प्रांताच्या बोलीत आहे आणि ते मेलेल्या मुलाशीच आहे. महाश्वेतादेवींची कादंबरी वर्गाच्या भिंती दाखवते आणि म्हणून तिची राजकीय धार अधिक तीक्ष्ण आहे. हान कांग यांच्याकडे ती धार नाही. त्यांचा मुलगा निरागस असणे कथेला आवश्यक आहे, ब्रती निरागस नाही. मारल्या गेलेल्याचा शोक करण्यासाठी तो निरपराध असावा लागतो काय, हा प्रश्न बंगाली कादंबरी विचारते. कोरियन कादंबरी तो विचारत नाही, आणि ही तिची मर्यादा आहे.

हीच मर्यादा जेजूवरील कादंबरीत अधिक जाणवते. लेखिका ग्यॉंग-हा, बोटे तुटून रुग्णालयात पडलेली तिची मैत्रीण इन-सॉन, बर्फाच्या वादळात एका पक्ष्याला पाणी पाजण्यासाठी बेटावर केलेला प्रवास, आणि त्या घरात मैत्रिणीच्या आईने आयुष्यभर जमवलेली कात्रणे व कागदपत्रे : भावाच्या अस्थींचा माग काढणारी ही आई, जॉंग-शिम, या कादंबरीतील सर्वांत भक्कम निर्मिती आहे. लहानपणी तिने बहिणीबरोबर शाळेच्या पटांगणात प्रेतांच्या चेहऱ्यावरील बर्फ पुसून आपली माणसे शोधली होती. हे चित्र विसरता येत नाही. पण मेणबत्तीच्या उजेडात जिवंत कोण आणि मृत कोण हे पुसट होत जाते तसतशी हत्याकांडामागील कारणे, ऑगस्ट १९४८ पर्यंत दक्षिण कोरियावर असलेला अमेरिकी लष्करी अंमल आणि त्याची जबाबदारी, हे सर्व बर्फाखाली राहते. ह्यॉन गी-यॉंग यांच्या खोलीत मारणारा माणूस नात्याचा होऊन बसलेला होता. हान कांग यांच्या खोलीत फक्त मृत आणि त्यांचे शोकाकुल आहेत. सेन्सॉरच्या सावटाखाली लिहिलेली जुनी कथा या एका बाबतीत अधिक धीट आहे.

व्याख्यानाचे शीर्षक 'प्रकाश आणि धागा'. आरंभी येते ती वस्तू अगदी घरगुती आहे : घर बदलताना जुन्या खोक्यात सापडलेली, आठ वर्षांच्या मुलीने १९७९ साली लिहिलेल्या कवितांची छोटी वही. तेथून एकेका कादंबरीला लागून असलेले प्रश्न येतात. ग्वांगजूपाशी आल्यावर वाचनाची गती मंदावते. त्या सांगतात की तरुणपणी दर नव्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर त्या दोन प्रश्न लिहून ठेवत. आज असलेल्यांना गेलेल्यांसाठी काही करता येते का, असा त्यांचा आशय होता. नऊशेहून अधिक जणांच्या साक्षींचा ग्रंथ महिनाभर, दररोज नऊ तास, वाचल्यानंतर त्या प्रश्नांवरचा त्यांचा विश्वास उडाला. कादंबरी सोडून द्यावी असे वाटले. मग शेवटच्या रात्री प्रांतिक कार्यालयाजवळ थांबलेल्या एका तरुण रात्रशाळा-शिक्षकाची रोजनिशी वाचनात आली; जगायची इच्छा असलेला आणि सदसद्विवेकबुद्धीने टोचलेला हा तरुण तेथे मारला गेला. ती वाचल्यावर प्रश्न उलटे करायला हवेत असे त्यांना उमगले : गेलेलेच आज असलेल्यांना तारू शकतील का?

हा उलटा प्रश्न पुढे जगभर उद्धृत झाला. पण व्याख्यानात त्याचे स्थान कोणते आहे हे पाहणे आवश्यक आहे. तो नऊशे साक्षींच्या वाचनानंतर, लिहिणे सोडण्याच्या टोकावरून परतताना आलेला आहे. तो श्रोत्यांना विचारलेला नाही. लेखिकेने स्वतःला विचारलेला आहे, आणि लिहिताना कधी कधी तसे होत असल्याचे जाणवले, यापलीकडे त्याला उत्तर दिलेले नाही. फलश्रुती रोखून धरली आहे असे वर म्हटले ते या अर्थाने. आणखी एक गोष्ट : चार दिवसांपूर्वीच्या लष्करी कायद्याचा या व्याख्यानात उल्लेख नाही. आदल्या दिवशी वार्ताहर परिषदेत त्याबद्दल त्या बोलल्या होत्या; १९७९-८० च्या परिस्थितीचा अभ्यास केलेल्या आपल्याला ती २०२४ मध्ये डोळ्यांसमोर घडताना पाहून धक्का बसला, आणि या वेळचा फरक म्हणजे सर्वांना सारे थेट पाहता येत होते, असे त्यांनी सांगितले होते. सभागृहात मात्र त्या मजकुराला चिकटून राहिल्या.

मराठी वाचकाला येथे १९७५ चे कऱ्हाड साहित्य संमेलन आठवेल. आणीबाणीच्या काळात संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी आणीबाणीला उघड विरोध केला आणि पुढे तुरुंगवास पत्करला. त्या उदाहरणाच्या मोजपट्टीने हान कांग यांचे मौन कच खाल्ल्यासारखे वाटण्याचा संभव आहे. तो न्याय होणार नाही. दुर्गाबाई ज्या व्यासपीठावर होत्या ते सत्तेच्या आवाक्यात होते. तेथे उच्चार हीच कृती होती आणि तिची किंमत मोजावी लागणार होती. स्टॉकहोममध्ये केलेल्या निषेधाला किंमत पडली नसती, टाळ्या मात्र पडल्या असत्या. शिवाय हान कांग यांनी किंमत आधीच थोडीफार मोजलेली आहे. पार्क ग्युन-हे यांच्या कारकिर्दीत कलावंतांची जी काळी यादी केली गेली तीत त्यांचे नाव असल्याची वृत्ते नंतर आली, आणि त्यामागे ग्वांगजूची कादंबरीच असल्याचे मानले गेले.

फलश्रुती पुढच्या आठवड्यात सांगितली गेली, आणि ती दुसऱ्याने सांगितली. १४ डिसेंबर २०२४ रोजी महाभियोगाचा दुसरा ठराव मांडताना विरोधी पक्षाचे सभागृहनेते पार्क चान-दे यांनी हान कांग यांच्या त्या प्रश्नांचा हवाला दिला आणि 'होय' असे उत्तर दिले : १९८० च्या मृतांनी २०२४ च्या जिवंतांना वाचवले. ठराव संमत झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदच्युत केले. साहित्यातील वाक्य संसदेत इतक्या थेट उपयोगी पडल्याची उदाहरणे आधुनिक काळात विरळा. ३ डिसेंबरच्या रात्री सभेच्या कुंपणावरून चढून आत गेलेल्या सदस्यांना आणि सैनिकांसमोर उभ्या राहिलेल्या नागरिकांना ग्वांगजू ठाऊक होते, ही गोष्ट खरी आहे. ते ठाऊक असण्यात कादंबऱ्यांचा, गीतांचा, चित्रपटांचा वाटा आहे, हेही खरे. त्या उत्तराला नाक मुरडणे हा समीक्षकाचा पोकळ सोवळेपणा ठरेल.

तरीही उत्तर मिळाल्याने प्रश्नाचे काय झाले हे नोंदवणे समीक्षेचे काम आहे. 'होय' म्हटल्यावर डॉंग-होचा मृत्यू कामी आलेला मृत्यू होतो. कादंबरीतील आईला हे चालले असते का? तिच्या प्रकरणात मुलगा कशासाठी मेला याचा हिशेब कोठेही जुळत नाही. तो त्या दिवशी घरी आला असता तर, एवढीच तिची ओढ आहे. ध्वजात गुंडाळलेल्या प्रेताविषयी मुलाने विचारलेला प्रश्न पुन्हा येथे उभा राहतो, कारण लोकशाहीचा विजय हाही एक ध्वजच आहे, अधिक चांगला, पण ध्वजच. २०११ मध्ये ग्वांगजूची आणि एप्रिल २०२५ मध्ये जेजूची कागदपत्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदीत समाविष्ट झाली. चुन दू-ह्वान यांना १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली आणि त्याच वर्षी त्यांना माफीही मिळाली. राज्य आता या इतिहासाचा उच्चार करते, स्मारके बांधते, क्षमा मागते आणि सोयीनुसार क्षमा करतेही. दडपलेला इतिहास अधिकृत झाला की त्याचे वाचन सोपे होते, आणि तेव्हाच सॉन-जूसारख्या व्यक्तीला गप्प राहणे आणखी अवघड होते, कारण आता तिने बोलावे अशी सर्वांचीच अपेक्षा असते.

मराठीत अशा उशिरा उच्चारल्या गेलेल्या इतिहासाचा एक जुना नमुना आहे. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतील प्रत्यक्ष पाहिलेला वृत्तान्त कित्येक वर्षांनी लिहून काढला, आणि 'माझा प्रवास' छापून आला तो १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी केलेल्या फेरफारांसह. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांपुढे यायला आणखी अर्धशतक लोटावे लागले. या दोन पाठांतील फरकांचा अभ्यास मराठीत झाला आहे. पण वैद्यांच्या संपादनाकडे दडपणाखालील वाचनाचा प्रकार म्हणून, शाईच्या रुळाचा सौम्य आणि सद्हेतुक अवतार म्हणून, क्वचितच पाहिले गेले आहे. कोरियन उदाहरणाशेजारी ठेवल्यावर त्या गाळलेल्या जागा वेगळ्या दिसू लागतात. तेथेही एखादा उन-सुकसारखा वाचक असला पाहिजे, ज्याला गाळलेला मजकूर घरच्या बोलण्यातून पाठ होता आणि जो छापील पुस्तक हाती घेऊन मधले शब्द मनातल्या मनात म्हणत होता.